लेकराची शी आणि मोठ्यांची लाज



गेली तीसएक वर्षे मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) म्हणून माण-खटावच्या वाड्यावस्त्या हिंडतो आहे. गावात पाऊल टाकले की तुम्ही मला काय विचारणार, हे आता पाठ झाले आहे. कांद्यावर करपा आला, काय फवारू? डाळिंबावर तेल्या दिसतोय, बाग ठेवू की काढू? ठिबकचे अनुदान कधी जमा होणार? या गोष्टी बोलायला वर्षभर सवड असते. आज मात्र वेगळ्याच विषयावर लिहायला बसलो आहे. तो ऐकून बायाबापड्या तोंडाला पदर लावतील आणि पारावरची मंडळी म्हणतील, "सायबाला दुसरा कामधंदा उरला न्हाय वाटतं!" विषय आहे, लहान लेकराला शी-शू सांगायला कसे शिकवावे.

हसायचे तर हसा, पण पुढे वाचा. ही गोष्ट प्रत्येक घरात घडते. तिच्यापायी घरोघरची लेकरे मार खातात, आणि तिच्याबद्दल कोणी कोणाशी नीट बोलत नाही. मीही बोललो नसतो. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ मनात दाबून ठेवलेली गोष्ट मला सांगावी लागली.

आमची नात तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. आम्ही तिला चिमणीच म्हणतो. पाडव्याचा दिवस. सूनबाईंनी पहाटे उठून अंगण सारवले होते आणि उंबऱ्यापुढे मोठी रांगोळी काढली होती. चिमणी नवा परकर घालून आली, रांगोळीच्या अगदी मधोमध उभी राहिली आणि तिथेच तिने शी केली. शेजारच्या काकू फराळाचे ताट घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बया! अजून सांगत न्हाय व्हय? आमचं तर दीड वर्षात सांगत हुतं." सूनबाईंचा चेहरा लाल झाला. अंगणवाडीत तीन वर्षांचे मूल घेतात, तोवर हिला वळण लागले नाही तर लोक काय म्हणतील, ही चिंता त्यांना आधीपासूनच होती. त्यांनी पोरीचा दंड धरला आणि हात उगारला.

मी ओसरीवर बसलो होतो. मी एवढ्या मोठ्याने "थांबा, सूनबाई!" म्हणून ओरडलो की गोठ्यातली गाय दचकून उठली. आमच्या घरात मी आवाज चढवत नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. चिमणी रडायला लागली, ती आईच्या हाताने नव्हे, माझ्या आवाजाने. मी तिला उचलले, मोरीत नेऊन धुतले आणि रांगोळीवर राख टाकून सगळे उचलून संडासात नेऊन टाकले. काही न बोलता दिवस गेला. रात्री जेवणे झाल्यावर मुलाला आणि सूनबाईंना समोर बसवून मी ती जुनी गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगतो.

१९९९ सालचा श्रावण होता. नोकरी लागून काही वर्षेच झाली होती. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही राहत होतो. सौ., माझी आई, मी आणि आमचा अडीच वर्षांचा मुलगा. एके दिवशी वरचे दोन अधिकारी दौऱ्यावर आले आणि चहाला घरी आले. मी शेजारून नवी सतरंजी मागून आणली होती. चहाच्या कपबशा समोर आल्या आणि मुलगा आतून धावत आला, सतरंजीवर उभा राहिला आणि चड्डीत शी केली. ती सतरंजीवर पडली. एका साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. ते काही बोलले नाहीत. पण मला वाटले, माझी सगळी बी.एस्सी. मातीत गेली.

मी मुलाला काखेत धरून मोरीत नेले. दोन थपडा मारल्या. "शी कुठं करायची असते? सांग! सांग!" असे ओरडलो आणि मोरीच्या दाराला बाहेरून कडी लावली. साहेब जाईपर्यंत तो आत रडत होता. कडी काढली तेव्हा तो कोपऱ्यात उभा होता आणि दोन्ही हात मागे धरून ठेवले होते. माझी आई एवढेच म्हणाली, "आरं, त्याला काय कळतंय, पावणा मोठा का सतरंजी मोठी? लाज तुला वाटली, मार त्यानं का खायचा?" मी तिला गप्प बसवले.

मुलगा शिकला, पण मी शिकवू पाहत होतो ते नव्हे. शी चुकीच्या जागी करू नये, एवढे त्याला सांगायचे होते. त्याने धडा घेतला तो असा, की शी करणे हाच गुन्हा आहे. त्या दिवसापासून तो शी करेनासा झाला. कळ आली की दाराच्या मागे जाऊन उभा राही, चवड्यांवर उंच होई, पाय एकमेकांवर घट्ट आवळी, तोंड लालबुंद होई. आम्हाला वाटे, जोर करतोय. खरे तर तो आवरून धरत होता. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. पोट नगाऱ्यासारखे झाले, जेवण तुटले. मग सहाव्या-सातव्या दिवशी चड्डीला पातळ डाग पडू लागले, दिवसातून आठ-दहा वेळा. आम्ही म्हटले जुलाब लागले. भाजीभाकरी बंद केली आणि नुसत्या साबुदाण्याच्या पेजेवर ठेवला. शेजारच्या कोणी सांगितले म्हणून नंतर एरंडेलही पाजले. लेकरू कळांनी लोळू लागले.

शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पोट चाचपले आणि म्हणाले, "हे जुलाब नव्हेत. आत घट्ट खडा अडकला आहे आणि त्याच्या कडेने पातळ मळ पाझरतो आहे. याने शी धरून ठेवली आहे. घरी काय झाले?" सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहून सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "खडा मोकळा करायला माझ्याकडे औषध आहे. भीती मोकळी करायला औषध नाही. ते काम तुम्हालाच करावे लागेल, आणि त्याला वेळ लागेल."

मग त्यांनी जे समजावले ते मी जन्मात विसरलो नाही. शी धरून ठेवली की आतडे तिच्यातले पाणी शोषून घेते. ती कडक होते. कडक शी बाहेर येताना दुखते. दुखले की लेकरू पुढच्या वेळी आणखी धरून ठेवते. असे चक्र सुरू झाले की आतडे सैल पडते आणि कळ आल्याचे लेकराला समजेनासेही होते. हे चक्र मोडायला आम्हाला आठ महिने लागले. दोन थपडांना दोन क्षणही लागले नव्हते.

बंधूंनो, आपण शेतकरी माणसे. कांद्याचे रोप सहा ते आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय आपण त्याची पुनर्लागण करीत नाही. तीन आठवड्यांचे कोवळे रोप उपटून लावले आणि ते माना टाकू लागले, तर रोपाला शिव्या देत नाही. उलट म्हणतो, घाई माझी झाली. एवढा समजूतदारपणा आपण रोपाला दाखवतो आणि पोटच्या लेकराला दाखवत नाही. मी कृषी पदवीधर असून मला तो सुचला नाही.

लेकराला शी-शू सांगता येण्याआधी त्याच्या अंगी चार गोष्टी याव्या लागतात. कळ आल्याची जाणीव व्हावी लागते. ती थोडा वेळ आवरून धरण्याची ताकद यावी लागते. सांगायला शब्द किंवा खूण लागते. आणि चड्डी खाली करून बसण्याएवढे हातपाय चालावे लागतात. या चारही गोष्टी साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येतात, कोणाला लवकर, कोणाला उशिरा. दोन-दोन तास चड्डी कोरडी राहते, शी करताना लेकरू कोपऱ्यात जाते, ओले झाले की ओढून दाखवते, "बस", "ऊठ" एवढे समजते, असे दिसू लागले की वाफसा आला म्हणा. त्याआधी पेरणी करू नये.

आता आज्या म्हणतील, "आम्ही तर तीन महिन्यांपासून पायावर बसवत होतो की!" खरे आहे. पाय लांब करून, दोन पावलांवर लेकरू बसवून "श्शऽऽ" करायचे, ही आपली जुनी रीत चांगलीच आहे. लंगोट कमी भिजतात, लेकरू स्वच्छ राहते. पण तिथे लेकराची वेळ आई ओळखते, लेकरू सांगत नाही. त्यामुळे तेच लेकरू चालू-फिरू लागल्यावर कुठेही बसले, तर ते हट्टी झाले असे नाही. आईची शिकवणी संपून त्याची स्वतःची आता सुरू झाली, एवढेच.

त्या पाडव्यानंतर आम्ही चिमणीच्या बाबतीत काय केले, ते क्रमाने सांगतो.

आधी घरातल्या सगळ्यांनी ठरवले की मारायचे नाही, "छी छी" म्हणून तोंड वाकडे करायचे नाही आणि दुसऱ्याच्या लेकराशी तुलना करायची नाही. दोनच शब्द ठेवले, शू आणि शी. सगळ्यांनी तेच वापरायचे.

दिवसा डायपर बंद केला. ओले झाल्याचे लेकराला समजूच नये अशीच डायपरची घडण असते, मग ते शिकणार कशावरून? सैल इलॅस्टिकच्या सुती चड्ड्या शिवून घेतल्या, ओढली की खाली येईल अशा. दिवसाला आठ-दहा धुवाव्या लागल्या. हे काम एकट्या सूनबाईंवर टाकले नाही. सौ.ने धुतल्या, मुलाने धुतल्या, सुटीच्या दिवशी मीही धुतल्या.

बाजारातून बसके प्लॅस्टिकचे भांडे आणले. आठवडाभर ते ओसरीवर नुसते ठेवून दिले. चिमणीने त्यावर आधी आपली बाहुली बसवली, मग आपण बसली. भांडे असे हवे की लेकराचे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, म्हणजे जोर करता येतो. विकतचे भांडे नसले तरी अडत नाही. जुन्या घमेल्यात राख घाला, दोन बाजूंना दोन विटा पक्क्या रोवा, लेकरू उकिडवे बसेल. उकिडवे बसणे ही शी करायला उत्तम बैठक आहे आणि ती लेकराला कोणी शिकवावी लागत नाही.

वेळ दोन ठिकाणी धरली. सकाळी उठल्यावर, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. पोटात अन्न पडले की आतडे आपोआप हलू लागते, म्हणून जेवणानंतर कळ येण्याचा संभव अधिक. बसवायचे ते पाच मिनिटे, फार नाही. काही झाले नाही तर "बरं, मग बघू" म्हणून उठवायचे. झाले तर शाबासकी द्यायची, पण चॉकलेट नाही आणि वाडीभर डंकाही नाही. चड्डीत झाले तर "आज चड्डीत झाली, पुढच्या वेळी भांड्यात करू" एवढे बोलून चड्डी बदलायची.

मग भांड्यातली शी तिच्यासमोर संडासात नेऊन ओतली आणि पाणी तिच्या हातून टाकून घेतले. पाणी ओतायला लेकरांना फार आवडते. शी कुठे जाते, हे तिने रोज पाहिले. तीन-साडेतीन महिन्यांत ती दिवसा सांगू लागली. मधे आठवडाभर तापाने आजारी पडली तेव्हा सगळे विसरली. घरात नवे भावंड आले, लेकरू आजोळी गेले, आजारी पडले की असे होतेच. न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. दहा-बारा दिवसांत गाडी रुळावर येते.

रात्रीचे वेगळे आहे. रात्रीचा कोरडेपणा शिकवून येत नाही, तो वयाने येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा रोग नाही, काही लेकरांना त्याहूनही वेळ लागतो. गोधडीखाली मेणकापड घाला, निजण्यापूर्वी शू करवून आणा आणि सकाळी चारचौघांत तो विषय काढू नका.

खाण्याकडेही बघा. आता आपल्या वस्त्यांवरही लेकराच्या हातात सकाळी चहा आणि बिस्किटाचा पुडा असतो. त्याने शी घट्ट होते आणि मग सगळे अवघड होऊन बसते. ज्वारी-बाजरीची भाकरी आमटीत कुस्करून, पालेभाजी, पपई, पेरू, वरण आणि दिवसभर थोडे थोडे पाणी, एवढे घरात असतेच. नुसत्या दुधावर ठेवलेल्या लेकरालाही शी घट्ट होते. पण साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ, एरंडेल असले उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मी केला होता, त्याची शिक्षा लेकराने भोगली.

आता दुसरी गोष्ट. तिच्यातही माझी एक चूक आहे.

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि संडास बांधायला घरटी १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळू लागले. तेव्हा आम्हा विस्तार अधिकाऱ्यांनाही शेतीबरोबर ते काम लागले. पहाटे चार वाजता 'गुड मॉर्निंग पथक' घेऊन, गळ्यात शिट्टी अडकवून मी कितीतरी गावांच्या पांदीत उभा राहिलो आहे. एका वाडीत फेरी संपवून परतत होतो. एका घरापुढे नवा कोरा संडास होता, त्यावर स्वच्छतेची घोषणा रंगवलेली. आणि त्याच्यासमोरच्या गटारीवर एक दोन वर्षांचे पोर बसले होते. मी आजीला विचारले, "म्हातारे, हे काय?" ती म्हणाली, "लेकराची शी ती काय शी हाय का सायेब? आजून दूध पितंय त्ये." पथकातले सगळे हसले. मीही हसलो आणि वहीत त्या घरापुढे 'हागणदारीमुक्त' अशी खूण केली. २०१८ साली राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले, त्यात माझी तीही खूण होती.

मायबहिणींनो, लेकराच्या शीला वास कमी येईल, पण ती निर्मळ नसते. हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी तिच्यात मोठ्या माणसाइतकीच, पुष्कळदा अधिकच असतात. पोटातल्या गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती अंडी ओलसर सावलीच्या मातीत दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि पुढे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. अंगणात खेळणारे लेकरू मातीचे हात तोंडात घालते आणि अंडी पोटात जातात. आकडीकृमीची तर आणखी तऱ्हा. त्याच्या मातीतल्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. अंगात रक्त नाही म्हणून आपण बाईला गोळ्या देत राहतो, आणि ती अनवाणी फिरते ती त्याच परड्यात, जिथे लेकरे बसतात.

म्हणून लेकराची शी, मग ती भांड्यातली असो, फडक्यातली असो की अंगणातली, उचलून संडासातच टाकावी. भांडे धुतलेले पाणीही तिथेच, गटारीत नाही. लेकराला धुतल्यावर आपले हात साबणाने धुवावेत आणि लेकराचेही धुवावेत. मुलीला धुताना पुढून मागे धुवावे, मागून पुढे नाही, म्हणजे लघवीच्या जागी जंतू जात नाहीत. आणि २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला गोळ्या देतात, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. वर्षाच्या वरच्या लेकराला ती गोळी चालते. दोन वर्षांच्या आतल्याला अर्धी, चुरून पाण्यातून देतात.

काही जण म्हणतील, संडास आहे, पण लेकरू आत जायला भिते. ते बरोबरच आहे. आपण बांधलेले संडास अंधारे, दार जड, पायऱ्या मोठ्या माणसाच्या पावलांना बेतलेल्या आणि मधे काळे भोक. चिमणीला वाटायचे, आपण त्यात पडू. आम्ही सुताराकडून एक जाड फळी करून घेतली, मधे अरुंद खाच ठेवलेली, पायऱ्यांवर पक्की बसणारी. आत दिवा लावला. दार अर्धे उघडे ठेवून दाराशी कोणीतरी बसायचे. ज्यांच्या संडासात अजून सरपण आणि पेंडीची पोती आहेत, त्यांनी ती आधी बाहेर काढावीत. घरातली मोठी माणसेच हातात टमरेल घेऊन माळावर चालली, तर लेकरू भांड्यावर का बसेल? ते बघूनच शिकते.

कृषी अधिकारी म्हणून दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक खड्डा भरल्यावर तो बंद करून प्रवाह दुसऱ्यात वळवावा. बंद खड्डा किमान एक वर्ष, जमल्यास दोन वर्षे, न उघडता राहू दिला तर आतल्या मैल्याची काळी, बिनवासाची माती होते. आपल्या वाडवडिलांनी त्याला सोनखत म्हटले ते उगाच नाही. पण त्यात आणि उकिरड्यात डायपर टाकू नका. मागच्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या शेणखताच्या ढिगात मला इतके डायपर दिसले की खत आहे की कचरा, समजेना. त्यातले प्लॅस्टिक कुजत नाही, नांगराबरोबर रानभर पसरते. बाहेरगावी जाताना डायपर लागला तर लावा, पण आतली शी संडासात झाडा आणि डायपर गुंडाळून वेगळा कचऱ्यात द्या.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे, तेही सांगतो. शी करताना रक्त येते, लेकरू दुखते म्हणून रडते, चार-पाच दिवस शी होत नाही, पोट फुगते, नीट सांगणारे लेकरू पुन्हा चड्डी खराब करू लागते, शू करताना जळजळते किंवा चार वर्षे झाली तरी दिवसा काहीच सांगत नाही, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. आणि चड्डीला पातळ डाग दिसले की जुलाबच समजून जेवण तोडू नका. खरे जुलाब असतील तरीही जेवण तोडायचे नसते. क्षारसंजीवनीचे पाणी पाजत डॉक्टर गाठायचे असतात.

पुरुष वाचकांना वेगळे सांगतो. हे बायकांचे काम म्हणून पान उलटू नका. माझ्या घरी मारणारा हात बापाचा होता. सूनबाईंचा हात उगारला गेला तो शेजारणीच्या एका वाक्याने. लेकराला शी कुठे करावी हे समजत नाही, म्हणून आपण मारत नाही. चारचौघांत आपली लाज गेली, म्हणून मारतो. हे ध्यानात आले की हात आपोआप खाली येतो.

त्या रात्री माझे बोलणे ऐकून मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, मला यातलं काहीच आठवत नाही." मी म्हटले, "मला आठवतं. माझं चुकलं होतं. तुझ्या आजीनं तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." तो काही बोलला नाही. उठला आणि निजलेल्या चिमणीच्या अंगावर गोधडी सारखी केली.

माघात एका सकाळी मी दौऱ्यावर निघालो होतो. मुलगा रात्रपाळीची वीज म्हणून कांद्याला पाणी देऊन नुकताच आला होता. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तारवटलेले. संडासाच्या अर्ध्या उघड्या दाराशी बादली पालथी घालून तो बसला होता आणि आत बघून कावळा-चिमणीची गोष्ट सांगत होता. मी विचारले, "काय रे, झोपला नाहीस?" तो हळूच म्हणाला, "अण्णा, जरा हळू बोला. तिचं चाललंय." मी चपला हातात घेऊन पलीकडून गेलो.

तुमच्या घरी या वयाचे लेकरू असेल, तर तुम्हीही तेवढी पाच मिनिटे काढा. बादली पालथी घाला आणि दाराशी बसा.